सेप्टिक टँक सोडून सार्वजनिक मलवाहिनीवर: एका जोडणीच्या नोंदी

४ फेब्रुवारी

तीन मजली इमारत, बारा बिऱ्हाडं. मागच्या अंगाला जुना सेप्टिक टँक आणि समोरच्या रस्त्यात आता सार्वजनिक मलवाहिनी येऊन पडलेली. ठरलेल्या मुदतीत जोडणी करून घ्या, अशी नोटीस आली आहे. देखरेखीचं काम रहिवाशांनी माझ्या गळ्यात घातलं. मी ना इंजिनियर, ना प्लंबर. पुढेमागे ज्यांना हेच करायचं आहे त्यांच्यासाठी लिहून ठेवतोय.

नोटिशीसोबत नियमांची पानं आहेत. पहिल्या वाचनात ठळक दिसलं ते असं: काम परवानाधारक प्लंबरकडूनच, मैलापाण्यात पावसाचं पाणी एक थेंबही नाही, दिशा बदलेल तिथे चेंबर, बुजवण्याआधी तपासणी, आणि मुख्य वाहिनीला छिद्र पाडायचं ते मलवाहिनी विभागाच्या माणसाच्या समोर. अर्जाबरोबर जागेचा नकाशा आणि वाहिनीचा उभा छेद (पाइप कुठे किती खोल जाणार ते दाखवणारं चित्र) जोडायचा. या उभ्या छेदाला ठेकेदार ‘कागदी सोपस्कार’ म्हणाला. ‘लाइन टाकून झाली की काढून देतो,’ म्हणाला. त्याला थांबवलं.

९ फेब्रुवारी

ठेकेदाराचा बेत सरळ होता. सेप्टिक टँकमध्ये येणारा पाइप तोडायचा, तिथून नवा पाइप इमारतीला वळसा घालून रस्त्यापर्यंत न्यायचा. अंतर ३४ मीटर. मुख्य वाहिनीची खोली नकाशात २.४ मीटर लिहिलेली, म्हणजे ढाळ भरपूर, असा त्याचा हिशोब.

मिस्त्री मात्र जुने आहेत. ते म्हणाले, ‘साहेब, रस्त्यातलं झाकण उघडून बघितल्याशिवाय मी फावडं लावणार नाही.’ मलवाहिनी विभागाला तसं पत्र दिलं. झाकण उघडायचं ते त्यांच्याच माणसांनी, आपण नाही. आत उतरायचं तर नाहीच, वरूनच पट्टी सोडून मोजायचं.

१३ फेब्रुवारी

मोजलं. आमच्या फाटकासमोर वाहिनीचा तळ रस्त्यापासून १.७५ मीटरवर आहे. नकाशातला २.४ चा आकडा पुढच्या मॅनहोलचा निघाला. त्या मॅनहोलमध्ये वाहिनी एकदम खाली उतरते आणि आपण त्या उतरणीच्या अलीकडे आहोत.

मग पाण्याच्या पारदर्शक नळीने सगळ्या पातळ्या घेतल्या. रस्त्याच्या कडेच्या दगडावर खूण करून ती शून्य धरली. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर आकडा खोटा येतो. पहिल्या फेरीत तसंच झालं, दुपार त्यात गेली. नळी दोन्ही टोकांनी शेजारी शेजारी धरून पाणी एका रेषेत येतं का ते आधी बघा, मगच पुढे जा.

शून्यापासून खाली आकडे असे आले:

मुख्य वाहिनीचा तळ: १.७५ मीटर
मागचं अंगण: ०.५० मीटर
सेप्टिक टँकमध्ये पाइप शिरतो तिथला तळ: १.४० मीटर

मुख्य वाहिनी २३० मिलिमीटर व्यासाची. आपला पाइप तिच्या वरच्या अर्ध्या भागातच शिरला पाहिजे, नाहीतर तिच्यातलं पाणी आपल्या पाइपात चढून बसतं. म्हणून आपला तळ १.६० वर येणार. टँकपाशी १.४०, रस्त्यात १.६०. ३४ मीटरला फक्त २० सेंटिमीटर उतार मिळतो, म्हणजे १ ला १७०. नियमांत १५० मिलिमीटर पाइपला १ ला १०० पेक्षा सपाट चालत नाही.

ठेकेदार म्हणाला, ‘पाणी वाहतंच हो, थोडा तरी उतार आहे ना.’ पाणी वाहतं, मैला बसतो. वाहिनी आपली आपण साफ राहायला पाण्याचा वेग सेकंदाला साधारण ०.६ मीटर लागतो. १ ला १७० वर पाइप काठोकाठ भरला तर तेवढा जेमतेम मिळेल. पण घरगुती वाहिनी काठोकाठ कधी भरते? तळाशी दोन बोटं पाणी, तेही थांबून थांबून. पाणी पुढे निघून जातं आणि घन माल वाटेत राहतो.

१५ फेब्रुवारी

उत्तर मिस्त्रींनीच काढलं. सेप्टिक टँक हा सुरुवातीचा बिंदू धरायचाच कशाला? जुनी लाइन टँकपर्यंत पोचताना आधीच बरीच खाली उतरली आहे. इमारतीच्या भिंतीवरून येणाऱ्या उभ्या सॉइल पाइपच्या (संडासाचा मैला खाली आणणाऱ्या पाइपच्या) पायथ्याशी खणून बघितलं. तिथला तळ अंगणापासून ०.४५ मीटरच खोल आहे. म्हणजे शून्यापासून ०.९५.

पायथ्यापासून बाजूच्या बोळातून रस्त्यापर्यंत २८ मीटर. ०.९५ पासून १.६० पर्यंत ६५ सेंटिमीटर. १ ला ५० चा ढाळ दिला तर ५६ सेंटिमीटर खर्च होतात, उरलेले ९ सेंटिमीटर तीन चेंबरमध्ये तीन-तीन करून उतरवता येतात. अंतरही कमी झालं.

हे आधी कळलं ते झाकण उघडलं म्हणून. उलट्या क्रमाने, म्हणजे मागून खोदत पुढे आलो असतो, तर रस्त्यात पोचल्यावर पाइप मुख्य वाहिनीच्या पोटात शिरला असता आणि सगळा चर पुन्हा उकरावा लागला असता. उभा छेद आता खरा काढला, अर्ज भरला.

२१ फेब्रुवारी

कागद. जोडणीची परवानगी एका खिडकीवर, रस्ता खोदायची दुसऱ्या खिडकीवर. रस्त्याची परवानगी लगेच मिळाली आणि तिची मुदत सुरूही झाली. जोडणीची अजून अडकलेली. दोन्ही करणाऱ्यांनी आधी जोडणीचा अर्ज मंजूर करून घ्यावा, मगच रस्त्याचे पैसे भरावेत. आम्हाला मुदतवाढीचं शुल्क वेगळं पडलं.

रांगेत बसून वाचलेली एक गंमत. लंडनमध्ये साधारण १८१५ पर्यंत घरातली घाण सार्वजनिक गटारात सोडणं हा गुन्हा होता, कारण गटारं पावसाच्या पाण्यासाठी होती. १८४७ मध्ये उलटा कायदा आला आणि घरं गटाराला जोडणं सक्तीचं झालं. ती सगळी गटारं थेम्स नदीत उघडत होती. १८५८ च्या उन्हाळ्यात नदीला एवढी दुर्गंधी सुटली की संसदेचं कामकाज कठीण झालं. मग अभियंता जोसेफ बॅझलजेट यांच्या देखरेखीखाली नदीकाठाने मोठ्या वाहिन्या बांधल्या गेल्या. जोडणीची सक्ती आधी आणि पुढची व्यवस्था नंतर, हे काही आजचं नाही.

२७ फेब्रुवारी

परवानगी आली, एका शेऱ्यासह: ‘पावसाच्या पाण्याच्या जोडण्या वेगळ्या केल्याची खात्री करावी.’

सगळे म्हणाले, आपल्याकडे तसलं काही नाही. तरी गच्चीवरच्या प्रत्येक पन्हळात रंग मिसळलेलं पाणी ओतलं. दोन पन्हळांचा रंग थेट मागच्या गल्ली ट्रॅपमध्ये (सांडपाण्याच्या वाटेवरच्या, पाणी धरून वास अडवणाऱ्या हौदीत) उतरला. कोणीतरी कधीकाळी सोय म्हणून पाइप आत वळवून ठेवलेला.

‘दोन पन्हळांनी काय बिघडतं’ असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी हिशोब. आमची गच्ची साधारण २०० चौरस मीटर. तासाला ५० मिलिमीटर पाऊस पडला तर त्या तासात १०,००० लिटर पाणी. इमारतीत पन्नासेक माणसं, माणशी दिवसाला १३५ लिटर धरलं तर अख्ख्या दिवसाचं सांडपाणी ६,७५० लिटर. म्हणजे दिवसभराच्या सांडपाण्यापेक्षा जास्त पाणी गच्ची एका तासात ओतते. रस्त्यातल्या सगळ्या इमारतींनी तेच केलं तर वाहिनी झाकणांतून वर येणार आणि शुद्धीकरण केंद्रावर नुसतं पावसाचं पाणी पोचणार.

दोन्ही पन्हळं वळवून पावसाच्या उघड्या गटाराकडे नेली.

३ मार्च

बोळात खोदाई सुरू. पायथ्याशी पाइप उथळ आहे, वर जेमतेम ३० सेंटिमीटर माती. त्यावरून गाड्या जातात. तेवढ्या भागात पाइपभोवती काँक्रीटचं वेष्टण घालायचं ठरवलं, नकाशात तशी नोंदही केली.

दुपारी अडचण आली. पिण्याच्या पाण्याची नळी बोळात आडवी गेलेली, ६० सेंटिमीटर खोल. म्हणजे मैल्याचा पाइप तिच्या वरून जाणार. नियम नेमका उलटा आहे: पाण्याची नळी वर, मैल्याची खाली, आणि दोन्हींमध्ये उभं अंतर निदान ४५ सेंटिमीटर. पाण्याच्या नळीतला दाब गेला की, म्हणजे पुरवठा बंद असताना, तिच्या गळक्या सांध्यातून बाहेरच्या ओल्या मातीतलं पाणी आत ओढलं जातं. वर मैल्याची लाइन गळत असेल तर ते आत काय ओढलं जाणार, सांगायला नको.

ठेकेदाराला काँक्रीट ओतून भागवायचं होतं. मी नाही म्हटलं. पाण्याची नळी तोडून वरून, भिंतीला धरून नेली. एक दिवस पाणी बंद ठेवावं लागलं आणि खर्च अंदाजपत्रकाबाहेर गेला. खोदण्याआधी पाण्याची, विजेची, गॅसची, सगळ्या वाटा शोधून जमिनीवर चुन्याने आखा. आम्ही विजेची शोधली होती. पाण्याची नळी ‘पलीकडून आहे’ असं सगळ्यांना माहीत होतं, आणि ते चुकीचं होतं.

७ मार्च

पाइप टाकणी. मिस्त्री रस्त्याच्या टोकाकडून वर येत आहेत. सॉकेटची, म्हणजे पाइपच्या रुंद टोकाची, तोंडं चढाच्या बाजूला, म्हणजे मागच्या पाइपच्या साध्या टोकातून पाणी पुढच्या पाइपच्या सॉकेटमध्ये जातं. चराच्या तळाशी बारीक वाळूचा थर, आणि प्रत्येक सॉकेटखाली छोटा खळगा. खळगा केला नाही तर पाइपचा सगळा भार सॉकेटवर येतो आणि मधला भाग अधांतरी राहतो. सकाळी एका मजुराने पाइपखाली विटांचे तुकडे देऊन ढाळ साधला होता. मिस्त्रींनी ते सगळे काढायला लावले. विटांवर टेकलेला पाइप वरून भार आला की तिथेच तडकतो.

रस्त्याकडच्या टोकाला चर दीड मीटरपेक्षा खोल आहे. तिथे फळ्या आणि आडवे टेकू लावूनच माणूस खाली उतरवला. उकरलेली माती कडेपासून दोन फूट लांब टाकायला सांगितली. ढासळलेल्या मातीत कमरेपर्यंत गाडलेला माणूसही ओढून निघत नाही. फळ्यांचं भाडं ठेकेदाराने दरपत्रकात धरलंच नव्हतं. ते आम्ही दिलं आणि त्याबद्दल वाद घातला नाही.

१० मार्च

वाद झाला तो झडपेवरून.

मागचं अंगण रस्त्यापेक्षा अर्धा मीटर खाली आहे. मुख्य वाहिनी पुढे कुठे तुंबली तर पाणी वाहिनीत साचत साचत रस्त्यातल्या झाकणाच्या पातळीपर्यंत चढतं. त्याआधी त्याला आमच्या मागच्या धुण्याच्या मोरीची जाळी सापडणार, कारण तीच सगळ्यात खाली. म्हणून त्या पातळीखालच्या प्रत्येक तोंडाला उलट्या प्रवाहाची झडप हवी.

ठेकेदाराने एकच मोठी झडप आणली आणि रस्त्याजवळच्या शेवटच्या चेंबरमध्ये बसवायला घेतली. ‘एकात सगळी बिल्डिंग सेफ.’ ऐकायला बरं वाटतं. पण रस्त्यात तुंबलं की झडप मिटणार, आणि वरच्या मजल्यांवर तर लोक नळ सोडतच राहणार. ते पाणी रस्त्यात जाऊ शकत नाही, मग ते कुठून बाहेर येईल? त्याच मागच्या मोरीतून. रस्त्यातली घाण अडवून आपलीच घाण अंगणात घेण्याची ही सोय.

झडप फक्त मोरीच्या फाट्यावर बसवली, तिच्या स्वतःच्या हौदीत, झाकण उघडून हात पोचेल अशी. वरच्या मजल्यांची लाइन मोकळी. केस आणि चिंध्या अडकून झडप अर्धवट उघडी राहते, म्हणून ती अधूनमधून काढून धुवायची. हे काम कोणाचं ते रहिवाशांच्या बैठकीत लिहून घेतलं. ठेकेदाराची मोठी झडप दुकानाने परत घेतली नाही.

१४ मार्च

सकाळी येऊन बघतो तर बोळातला अर्धा चर बुजवलेला. गाड्या बाहेर ठेवाव्या लागतात म्हणून कोणी तक्रार केली आणि ठेकेदाराने रात्रीच माती ओढली. तपासनीस दुपारी आले, बुजवलेला भाग बघून परत निघाले. ‘उघडा, मग बोलवा.’ त्यांचं बरोबर होतं.

१६ मार्च

पुन्हा उकरलं, हातानेच. मग पाण्याची चाचणी. खालच्या टोकाला बूच मारायचं, पाइप भरायचा, वरच्या टोकाला उभा पाइप लावून दीड मीटर उंचीपर्यंत पाणी ठेवायचं आणि पातळी बघत बसायचं. सुरुवातीला पातळी थोडी उतरते, अडकलेली हवा निघते. पुन्हा भरून घड्याळ लावलं. पातळी उतरतच राहिली.

ओल नेमकी त्या भागात दिसली जो रात्री बुजवला होता. सांधा उघडला तर रबराची रिंग खाचेतून निसटून पिळवटलेली. पाइप आत ढकलताना टोक घासून गोल केलं नव्हतं, वंगणही लावलेलं नव्हतं. करवतीने कापलेलं धारदार टोक रिंगला ओढत नेतं. मातीखाली हा सांधा वर्षानुवर्षं झिरपत राहिला असता. रिंग बदलली, पुन्हा चाचणी, पातळी टिकली. मग दोन चेंबरमधून आरसा धरून उजेड बघितला, पूर्ण गोल दिसला. कुठे पोक असतं तर गोलाचा खालचा भाग कापलेला दिसतो.

तपासनिसांनी चेंबरचे तळ हाताने चाचपले. चेंबरच्या तळाशी अर्धगोल पन्हळ आणि दोन्ही बाजूंनी तिच्याकडे उतरता गिलावा हवा, सपाट तळ चालत नाही, मैला कडेला साचतो. मधल्या चेंबरचा एक कोपरा त्यांनी फोडून पुन्हा करायला लावला. बाकी मंजूर.

२० मार्च

मुख्य वाहिनीला जोडणी. आमचा एक मजूर छिन्नी-हातोडा घेऊन तयार होता. विभागाच्या माणसाने त्याला बाजूला बसवलं. गोल कटरने छिद्र कापलं, कापलेली चकती आत पडू दिली नाही (पडली तर पुढच्या वळणावर तीच अडसर), वरून सॅडल (छिद्रावर बसणारा जोडतुकडा) बसवलं. जोड प्रवाहाच्या दिशेने तिरपा, ४५ अंशांत. काटकोनात जोडला तर आपलं पाणी समोरच्या भिंतीवर आदळतं आणि मुख्य प्रवाहाला अडवतं. आपल्या पाइपचं टोक आत डोकावू द्यायचं नाही, हे तो तीनदा म्हणाला. आत आलेल्या बोटभर कडेला चिंधी अडकते, चिंधीला चिंधी, आणि मग रस्ताभर बोंब.

छिन्नीने फोडलेलं भोक कधीच गोल होत नाही. भोवतीच्या फटीतून बाहेरचं पाणी आणि माती आत जात राहते, आणि एक दिवस रस्ता खचतो.

२२ मार्च

बदलाबदल. सॉइल पाइपचा पायथा नव्या चेंबरला जोडला, जुन्या टँककडे जाणारी लाइन तोडून दोन्ही तोंडं काँक्रीटने बंद केली. उघडी सोडली तर उंदरांना वाट मिळते.

टँकचं बाहेर जाणारं तोंडच नव्या लाइनला जोडून टँक ‘असू द्यावा’ अशी एक सूचना आली होती. आमच्या परवान्यात ते नाकारलं आहे आणि कारण पटण्यासारखं आहे. टँकमध्ये मुरलेल्या पाण्यात हायड्रोजन सल्फाइड तयार असतो. तो वाहिनीच्या छताशी जमतो, तिथले जीवाणू त्याचं गंधकाम्ल करतात आणि काँक्रीटची वाहिनी वरून खात सुटतात. शिवाय टँक उपसायचा खर्च आपल्या मागे तसाच.

टँक उपसणाऱ्या गाडीने वरून रिकामा केला. तळाशी घट्ट गाळ राहिला तेव्हा गाडीवाला म्हणाला, ‘पोरगा उतरवतो, दहा मिनिटांत साफ.’ त्याला साफ नाही म्हटलं. तोच वायू आत असतो. थोडा असला की सडक्या अंड्यासारखा वास येतो, आणि प्रमाण दहा लाखात शंभर भागांच्या आसपास गेलं की नाकच मरतं, वास येईनासा होतो. ‘आता वास नाही, उतर’ म्हणणं म्हणजे मृत्यूकडे ढकलणं. वरून दाबाने पाणी मारून गाळ पातळ केला आणि पुन्हा ओढला. गाडीच्या दुसऱ्या फेरीचे पैसे गेले. तळाला वरूनच पहारीने भोकं पाडली, म्हणजे आत पाणी साचून राहणार नाही. मग वाळू आणि मुरूम थराथराने, पाणी मारून, ठोकून भरला.

२५ मार्च

तळमजल्यावरून तक्रार: वरच्यांनी फ्लश केलं की मोरीत गुडगुड होते आणि नंतर वास येतो.

ट्रॅपमधलं पाणी ओढलं जात होतं. पाच सेंटिमीटरचं ते पाणी म्हणजे घर आणि गटार यांच्यातला एकमेव पडदा. सॉइल पाइपमधून पाणी वेगाने खाली येताना मागे हवा लागते, ती वरून मिळाली नाही तर ट्रॅपमधून ओढली जाते. पण मग आजवर त्रास का नव्हता? गच्चीवर जाऊन बघितलं. सॉइल पाइपचं तोंड वासामुळे कोणीतरी टोपण घालून सिमेंटने बंद केलेलं. आजवर हवा येत होती ती टँकच्या हवानळीतून, आणि ती नळी आपण तीन दिवसांपूर्वी टँकबरोबर काढून टाकली.

टोपण फोडलं, पाइप गच्चीच्या कठड्यावर आणखी वर नेला, तोंडाला जाळी. गुडगुड त्याच संध्याकाळी थांबली. टँक काढणाऱ्यांनी आधी हवा कुठून येते ते बघावं.

२९ मार्च

रस्त्याचा चर थराथराने ठोकून भरला, वरचा डांबरी थर विभाग करणार. अनामत रक्कम पावसाळ्यानंतर रस्ता खचला नाही तर परत मिळेल.

खर्चाचा ताळा: खोदाई आणि रस्त्याची दुरुस्ती मिळून निम्म्याहून जास्त. पाइप आणि जोड सगळ्यांत स्वस्त पडले. अंदाजपत्रकाबाहेर गेलं ते पाण्याची नळी हलवणं, चर पुन्हा उकरणं, फळ्यांचं भाडं, परवानगीची मुदतवाढ आणि टँकची दुसरी फेरी यांवर. उकरण्याचे पैसे ठेकेदाराच्या बिलातून कापले.

प्रत्यक्ष झालेल्या कामाचा नकाशा काढला. प्रत्येक चेंबर इमारतीच्या दोन कोपऱ्यांपासून किती अंतरावर, तिथला तळ किती खोल, झडप कुठे, काँक्रीटचं वेष्टण कुठून कुठपर्यंत. एक प्रत विभागात दिली, एक जिन्याखालच्या मीटरच्या पेटीत ठेवली. मधल्या चेंबरचं झाकण अजून किंचित डगमगतं, ते मिस्त्री सोमवारी बसवून देणार आहेत.